पक्षी बघायला जायचंय? मग आधी तिथी बघा

खाडीवर पक्षी बघायला मी पहिल्यांदा गेलो ती निव्वळ फजिती होती. नवीकोरी दुर्बीण घेतलेली, डिसेंबरचा रविवार, छान थंडी, म्हणून दुपारी मस्त जेवून, जरा आडवा होऊन पाचच्या सुमाराला अलिबागकडच्या एका खाडीच्या तोंडाशी पोचलो. समोर बघतो तर पाणीच नाही! अर्धा किलोमीटर नुसता चिखल, त्याच्या पार टोकाला मोहरी सांडल्यासारखे ठिपके, आणि त्यांच्या मागे मावळता सूर्य बरोब्बर माझ्या डोळ्यात. दुर्बिणीतून दिसलं काय, तर काळे ठिपके मोठे होऊन काळे ठिपकेच. म्हटलं जरा जवळ जाऊ, तर दहाव्या पावलाला गुडघाभर रुतलो आणि उजवी चप्पल जी आत राहिली ती राहिलीच. तिथे एक मावशी कोयता आणि टोपली घेऊन कालवं काढून परतत होत्या, त्यांनी मला हात देऊन बाहेर ओढलं आणि म्हणाल्या, "दादा, पुनवेच्या संध्याकाली कोन येतं पाखरं बगायला? पानी पार गेलंय. सकाली या, पानी चढताना. पाखरं सोताहून जवल येतान."

मावशींची ही चार वाक्यं म्हणजे किनाऱ्यावरच्या पक्षीनिरीक्षणाचा अख्खा कोर्स आहे. पुढे जे लिहितोय ते एवढंच, की त्या असं का म्हणाल्या.

जंगलातले पक्षी सूर्याच्या घड्याळावर चालतात. पहाटे उठणार, सकाळी खाणार, दुपारी गप्प. खाडीवरच्या पाणपक्ष्यांचं तसं नाही, ते चंद्राच्या घड्याळावर चालतात. कारण त्यांचं ताट आहे चिखल. खाडीच्या चिखलात किडे, अळ्या, बारीक खेकडे, शिंपले, गोगलगायी खच्चून भरलेल्या असतात, पण हे ताट दिवसातून दोनदाच उघडतं, सुकतीला, म्हणजे पूर्ण ओहोटीला. भरती आली की झाकण बंद. मग ती सुकती रात्री दोनला असली तर हे पक्षी रात्री दोनला जेवतात, आणि भरदुपारी भरती असली तर भरदुपारी झोपतात. आपण सकाळी सातला गेलो म्हणून ते हजर असतील असं अजिबात नाही.

पाणी पूर्ण ओसरलेलं असतं तेव्हा पक्षी सगळ्या चिखलभर पसरलेले असतात, बहुतेक पार पाण्याच्या कडेला, म्हणजे आपल्यापासून लांब. पाणी चढायला लागलं की ती कड हळूहळू आपल्याकडे सरकते आणि पक्षीही तिच्यासोबत सरकतात. अर्धा किलोमीटर रुंद चिखलाचा पट्टा दोन-तीन तासांत पन्नास मीटर होतो, आणि जे पक्षी मैदानभर विखुरलेले होते ते सगळे त्या पन्नास मीटरमध्ये दाटीवाटीने. आपण फक्त एका जागी गप बसायचं. भरतीच्या आधीचे दोन-अडीच तास, बस, हाच खरा शो.

आता भरती किती वाजता हे कसं कळणार? मोबाईलवर भरती-ओहोटीची टेबलं मिळतात, ती बघाच, पण कोकणात एक जुना हिशोब आहे जो मला त्या ॲपपेक्षा जास्त आवडतो. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती साधारण सहा वाजता, सकाळीही आणि संध्याकाळीही. द्वादशीला नऊ. चतुर्थीला तीन. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच, प्रतिपदेपासून पुन्हा मोजायला सुरुवात. आणि भरतीच्या पुढेमागे सहा तासांवर सुकती.

हे चालतं कसं? चंद्र रोज थोडा उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज थोडी उशिरा होते. अमावास्या ते पौर्णिमा या 15 तिथींमध्ये भरतीची वेळ घड्याळात बरोबर 12 तास पुढे सरकते. 12 तासांची 720 मिनिटं, भागिले 15, म्हणजे एका तिथीला 48 मिनिटं. आता 48 ने कोण गुणत बसणार, म्हणून आपल्या लोकांनी पाऊण तास धरला. दर तिथीला तीन मिनिटांची चूक, म्हणजे पौर्णिमेपर्यंत ती साठत साठत पाऊण तास होते. म्हणून पाऊणपटीने पौर्णिमेची भरती सव्वाअकराला येते पण मुंबई-अलिबागकडे प्रत्यक्षात बाराच्या आसपास असते. पक्षी बघायला एवढी चूक चालते, होडी बाहेर काढायला चालत नाही. शिवाय भरती किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे येते, त्यामुळे मालवण-रत्नागिरीला ती मुंबईच्या आधी होते, आणि खाडीत जेवढं आत जाल तेवढी उशिरा. तेव्हा आपल्या जागेचा फरक दोन-तीन खेपांत आपणच ताडून घ्यायचा.

पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात म्हणून पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ आडवी-तिरकी होते, पाणी धड चढत नाही धड उतरत नाही, तो भांग. भांगाला गेलात तर पक्षी असतात पण ते जवळ ढकलले जाण्याची मजा नाही. माझ्या मते थंडीत सगळ्यात भारी दिवस म्हणजे एकादशी ते चतुर्दशी. भरती साडेआठ ते अकराच्या मधे कधीतरी येते, म्हणजे उजाडल्या उजाडल्या पाणी चढत असतं. आणि आपला किनारा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे सकाळचा सूर्य आपल्या पाठीमागून, डोंगराकडून येतो, सगळा उजेड पक्ष्याच्या अंगावर. संध्याकाळी हेच उलटं होतं, म्हणजे मी पहिल्या दिवशी एकाच फटक्यात तिथीही चुकवली होती आणि दिशाही.

तर मागच्या पौषात शुद्ध त्रयोदशी गाठून पुन्हा गेलो, या वेळी भाचीला घेऊन. आक्षीचा किनारा, अलिबागच्या जरा दक्षिणेला. जुन्या मराठी शिलालेखामुळे अभ्यासकांना हे गाव माहीत असतं, पक्षीवाल्यांना माहीत असतं ते इथल्या किनाऱ्यामुळे, कारण वाळू आणि चिखल दोन्ही आहे. पाठीमागे सुरूची झाडं, सव्वासातचा गार वारा, थर्मासमधला चहा. पाणी अर्ध्याच्या वर चढलेलं.

सुरुवातीला भाचीला सगळे सारखेच दिसत होते, आणि त्यात तिचा दोष नाही. थंडीत आलेले हे पक्षी बहुतेक राखी-तपकिरी असतात, त्यांचे रंगीत कपडे उन्हाळ्यात लग्नसराईसाठी, तिकडे उत्तरेत. इथे चिखलात चिखलासारखं दिसलेलं बरं. म्हणून मी तिला सांगितलं, रंग सोड, तो खातोय कसा ते बघ.

ही युक्ती कुणालाही जमते. काही पक्षी पळतात, थांबतात, टिपतात, पुन्हा पळतात. हे प्लव्हर, मराठीत चिखल्या. त्यांची चोच आखूड आणि डोळे मोठे, ते नजरेने शिकार करतात, पृष्ठभागावर जरा हललं की धाव. दुसरे काही पक्षी मान खाली घालून शिलाई मशीनसारखे सतत टोचत चालतात. हे सँडपायपरच्या खानदानातले, त्यांना बघायची गरज नाही, ते चाचपतात. त्यांच्या चोचीच्या टोकात स्पर्श ओळखणारे बारीक बारीक खळगे असतात, चोच म्हणजे त्यांचं बोटच. आणि त्यातल्या लांब चोचवाल्यांची एक करामत ऐका, चिखलात चोच पूर्ण खुपसलेली असताना अख्खी चोच उघडणं शक्य नसतं, तर ते फक्त टोकाकडचा भाग उघडतात, चिमटा उघडावा तसा, आणि आतला किडा धरतात.

आमच्यापासून पंचवीस-तीस पावलांवर एक गॉडविट हे करत होता. चोच इतकी खोल की कपाळ चिखलाला टेकलं, डोळा अर्धा मिटलेला, आणि तो स्वतःभोवती हळूहळू फिरत होता, स्क्रू पिळावा तसा. मग थांबला. जरा मागे झाला. आणि ओढायला लागला, तर चिखलातून एक लालसर किडा ताणत ताणत बाहेर यायला लागला, शेवयी ओढावी तसा, रबरासारखा लांब होतोय, होतोय, आणि टप्पकन सुटला, गॉडविट दोन पावलं मागे लटपटला. मग शेजारच्या डबक्यात किडा चक्क धुतला आणि गिळला. भाची म्हणाली, "मामा, हा हात धुऊन जेवतो." म्हटलं हो, तुझ्यापेक्षा बरा.

चोचींची लांबी वेगवेगळी असण्यामागे हेच आहे. स्टिंटची चोच जेमतेम दोन सेंटीमीटर, तो वरच्या थरातलं खातो. गॉडविटची दहाच्या आसपास. कर्ल्यूची वाकडी चोच पंधरा सेंटीमीटरपर्यंत जाते, खेकड्याच्या बिळात घालायला वाक अगदी बरोबर. म्हणजे एकाच चिखलाच्या तळमजल्यावर एक, पहिल्या मजल्यावर दुसरा. एकाच पट्ट्यात दहा जातींचे पक्षी जेवतात, भांडणं होतातच, पण चाळीत नळावर होतात त्यापेक्षा कमी.

हे येतात कुठून याच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या असतात, सैबेरिया वगैरे. पण सगळे काही सैबेरियातून येत नाहीत. लाटेमागे चावीच्या खेळण्यासारखा पुढेमागे पळणारा सँडरलिंग पार आर्क्टिकमधून येतो, स्टिंटसुद्धा उत्तरेकडच्या टुंड्रातून. स्टिंटचं वजन पंचवीसेक ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांची तीन नाणी तळहातावर ठेवा, तेवढा. आमच्यासमोर थवा करून बसलेल्या सँड प्लव्हरमधले बरेचसे तिबेटच्या पठारावरचे, म्हणजे हिमालय ओलांडून आलेले. आणि ज्याला आपण पक्का समुद्रपक्षी समजतो तो तपकिरी डोक्याचा कुरव, म्हणजे आपला सीगल, त्याचं माहेर लडाख-तिबेटकडची उंचावरची तळी, समुद्रापासून हजारएक किलोमीटर लांब! या सगळ्या वाटेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात, आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंत. ऑगस्टअखेरपासून यायला लागतात, एप्रिलपर्यंत बहुतेक परततात.

एवढ्या लांब यायचंच कशाला, हा भाचीचा प्रश्न. थंडीमुळे नाही, किंवा नुसत्या थंडीमुळे नाही. पिसांत ऊब भरपूर असते. पण तिकडे चिखल गोठला की ताटच बंद, आणि दिवस इतका लहान की खायला वेळ नाही. मग कायमचे इथेच का राहत नाहीत? तर तिकडच्या उन्हाळ्यात जवळजवळ चोवीस तास उजेड, किड्यामुंग्यांचा महापूर, आणि पिल्लं जमिनीवर वाढवायला मोकळी जागा. जिथे ज्या वेळी जेवण स्वस्त, तिथे त्या वेळी जायचं, ऊसतोडणीला गावं हलतात तसं. मला स्वतःला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट वेगळीच वाटते, यातल्या कित्येक जातींमध्ये आईबाप आधी निघून जातात आणि त्या वर्षीची पिल्लं मागाहून, वाट कुणी न दाखवता, एकटी येतात. सूर्य, तारे, पृथ्वीचं चुंबकत्व यांच्या आधाराने. आपण गूगल मॅप लावून रेवदंड्याचा फाटा चुकतो.

दुर्बिणीचं थोडक्यात सांगतो. दुर्बिणीवर 8×42 असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे किती पट जवळ, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलीमीटरमध्ये, भिंग मोठं तितका उजेड जास्त. लोक दुकानात जाऊन जास्तीत जास्त पट मागतात, तिथेच फसतात, कारण पक्ष्यासोबत हाताचा थरथराटही तितक्याच पट वाढतो. सुरुवातीला 8×42 घ्या आणि विषय संपवा.

पावणेदहाच्या सुमाराला चिखल दिसेनासा झाला. मग एकेक थवा उठायला लागला, सगळे एकदम वळतात तेव्हा आधी काळे आणि मग पोट दिसलं की पांढरे, लुकलुक होतात, आणि सगळे गेले आत, जमिनीच्या बाजूला. नवीन माणूस इथे दुर्बीण बॅगेत भरतो आणि घरी जातो. खरं तर लेखाचा मुद्दाच इथून सुरू होतो.

ताट बंद झालं, आता तीन-चार तास पक्ष्यांनी जायचं कुठे? यांतल्या बहुतेकांचे पाय बदकासारखे नाहीत, पाण्यावर तरंगत बसता येत नाही. त्यांना लागते भरतीचं पाणी न पोचणारी किंवा घोट्याएवढंच पाणी असणारी, सगळीकडचं दिसेल अशी उघडी जागा, आणि तीही जवळ. म्हणजे मिठागरं, खाजणं (खाडीकाठची खारी दलदल), खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, आतली पडीक शेतं, एखादा खडक. आम्ही स्कूटर काढून आतल्या एका खाजणाच्या बांधावर गेलो, उघाडीपाशी, म्हणजे बांधातून पाणी सोडायच्या दारापाशी, बसलो, आणि समोर तेच सगळे! वाऱ्याकडे तोंड करून, एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून. एक पाय आणि चोच झाकली की तेवढी उष्णता वाचते. मधेच एखादा एक डोळा उघडून बघतो आणि परत झोपतो.

आता विचार करा, हीच जागा कुणी दुपारी चारला, सुकतीच्या वेळी येऊन बघितली तर काय दिसेल? ओसाड, खारी, चार टिटव्या आणि एक ढोकरी. "इथे कुठे पक्षी आहेत?" असं म्हणून अशा जागेवर भराव टाकणं फार सोपं असतं. आणि चिखलाचा पट्टा वाचवला पण ही झोपायची जागा गेली तर पक्ष्याला प्रत्येक भरतीला लांब उडत जावं लागतं, जेवून कमावलेली चरबी त्यातच जाते. मार्च-एप्रिलमध्ये परतीच्या आधी कित्येक जातींना वजन जवळजवळ दुप्पट करायचं असतं, तीच त्यांची पेट्रोलची टाकी. म्हणून किनाऱ्यावर गाडी पळवून किंवा कुत्रं सोडून थवा उडवला की व्हिडिओ मस्त येतो, पण त्याचं बिल पक्षी भरतो. मांडव्याच्या लाँचवरून सीगलना शेव-गाठिया टाकणारे लोकही असेच, प्रेमाने करतात, पण ते तळलेलं मीठ-मसाला त्याच्या पोटाचं अन्न नाही. त्याला मासा मिळतोय, मिळू द्या.

ठाण्याच्या खाडीतही हेच गणित आहे, फक्त तिथे पक्षी गुलाबी असल्यामुळे बातम्या होतात. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, सुकतीला खाडीच्या चिखलात चरतात आणि भरती आली की नवी मुंबईच्या पाणथळींवर येऊन उभे राहतात. दोन्ही मिळून एक घर, एक स्वयंपाकघर आणि एक झोपायची खोली. ठाणे खाडी 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि 2022 मध्ये रामसर यादीत आली. रामसर हे इराणमधलं गाव, 2 फेब्रुवारी 1971 ला तिथे पाणथळींच्या रक्षणाचा जागतिक करार झाला. ज्यांना चालायला, चिखलात रुतायला नको वाटतं त्यांनी ऐरोलीच्या केंद्रातून बोटीने जावं, पण तिथेही भरतीच्या वेळेनुसारच बोट सुटते, तुमच्या सोयीनुसार नाही.

दुपारी एकच्या पुढे चिखल उघडा पडायला लागला तशी खाजणातली झोप मोडायला लागली. कुणी पंख ताणतोय, कुणी खाजवतोय. आणि त्यात भाचीला एका सँड प्लव्हरच्या पायावर रंगीत काहीतरी दिसलं. फ्लॅग! अभ्यासक पक्षी पकडून पायात कडी आणि रंगीत प्लास्टिकची पट्टी घालून सोडतात, रंगावरून कळतं पट्टी कुठे घातली आणि वरच्या अक्षरांवरून कळतं नेमका कोणता पक्षी. ती अक्षरं वाचून, फोटो काढून बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) सारख्या संस्थेला कळवलं की त्या एका पक्ष्याच्या प्रवासात आपला बांध एक ठिपका म्हणून जातो. मी श्वास रोखून फोकस लावला. पहिलं अक्षर दिसलं. दुसरं दिसलं. तिसऱ्यावर चिखल होता. तो वळेल, पाय झटकेल, डबक्यात उतरेल म्हणून आम्ही दहा मिनिटं कोपरं बांधावर टेकून पालथे पडून होतो, मुंग्या चावत होत्या, आणि मग वरून एक घार गेली आणि सगळा थवा उठून पाण्याकडे निघून गेला.

भाचीच्या वहीत त्या दिवसाच्या यादीत शेवटची ओळ आहे: "सँड प्लव्हर, पट्टीवाला, दोन अक्षरं आणि एक चिखल." खाली तिने स्वतःच पाऊणपट करून पुढच्या एकादशीची भरती लिहून ठेवलीय, सव्वाआठ.